चार नंबरचं मशीन

मंजुळा तांडेलच्या आयुष्यात चिंतामण सावे आला तो चुकीच्या दाराने. त्याला खरं तर समोरच्या गाळ्यात जायचं होतं.

अठ्ठ्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. बोईसरच्या नवापूर नाक्यावर दुपारचं ऊन असं तापलं होतं, की रिक्षावालेसुद्धा भाडं नाकारून सीटवर आडवे झाले होते. त्यात दिवे गेलेले. तारापूरचं अणुशक्ती केंद्र हाकेच्या अंतरावर; तिथली वीज कुठे कुठे जाते म्हणतात, पण बोईसरच्या नशिबी दुपारचा अंधार ठरलेला! 'सागर गेम पार्लर'मध्ये मंजुळा एकटीच पुठ्ठ्याने वारा घेत, मुक्या झालेल्या चार कॉम्प्युटरांकडे बघत बसली होती.

तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला आणि छातीशी भलंमोठं खोकं कवटाळून एक उंच, घामाघूम तरुण आत आला. खोक्याच्या वर त्याचे फक्त डोळे दिसत होते. डोळे मात्र चांगले होते, हे मंजुळेने त्या अंधारातही पाहून घेतलं.

"मॅडम, चार मशिनं हायत. कुठं उतरवू?"

"कसली मशिनं?"

"गेमची. नवीन पेंटियम टू. पालघरच्या दुकानातून आलोय मी."

मंजुळेचा जीव सुपाएवढा झाला. कमलाकांतमामाने न सांगता नवी मशिनं मागवली की काय? गाळा मामाचा होता. बी.कॉम. झाल्यावर तिने हट्ट धरला, तेव्हा बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासची चार मशिनं घेऊन देऊन मामाने तिला इथे बसवलं होतं, पण अटीवर. मे महिन्यापर्यंत पार्लरने तग धरला तर गाळा तिचा. नाहीतर तिथे मामाचं बर्फाचं दुकान होणार आणि मंजुळा दांडी गावात घरी. घरी म्हणजे आईच्या शेजारी, आलेल्या स्थळांसमोर पोह्यांची बशी धरून! तिला लग्नाचं वावडं नव्हतं. पण आपल्या हाताने शटर उघडायचं आणि आपल्या हाताने बंद करायचं, ह्याची तिला चटक लागली होती.

तिने लगबगीने टेबल पुसलं. "ठेवा ना, इथंच ठेवा."

"सुपर गेम झोन ना हे?"

पुसणारा हात थांबला. "नाय. हे सागर."

दोघांनीही एकदमच रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरच्या गाळ्याच्या काचांवर आठवडाभर वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. कपड्यांचं दुकान येतंय, असं मंजुळा समजून चालली होती.

"अरेच्चा..." खोक्यामागचा आवाज एकदम बारीक झाला. "मग समोर असंल. चुकलो."

"चुकला कशाला? बरं झालं, कळलं तरी," मंजुळा म्हणाली. झालेली निराशा त्याला कळू नये म्हणून ती उगाच फणकारली. "उचला तुमची मशिनं."

तो वळला, आणि नेमके तेव्हाच दिवे आले. पंखा घरघरला, चारही मशिनं जागी झाली. तीन गुपचूप सुरू झाली. चौथ्याने मात्र टीं-टीं-टीं असा गळा काढला. चिंतामण दारात थबकला. रडणाऱ्या पोराला ओलांडून जाणं काही जणांना जमत नाही, तसं त्याला रडणारं मशीन ओलांडून जाणं जमेना.

"याची रॅम सैल झालीय," तो म्हणाला. "खोडरबर हाय?"

"काय?"

"खोडरबर. शाळेतलं."

दोन मिनिटांत त्याने मशिनाचा डबा उघडला, आतली एक पट्टी काढली आणि तिची पिवळी कड खोडरबराने हळुवार घासू लागला. "खारा वारा," तो मान वर न करता म्हणाला. "वर एम.आय.डी.सी.चा धूर. सोन्याच्या पिना पन काळ्या पडतात बघा."

"टेम्पो उभा हाय तुमचा."

"हाय ना... दोन मिन्टं." त्याने पट्टी परत बसवली. मशीन न रडता सुरू झालं. मग तो डब्यात वाकून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "एक सांगू? हा आतला बोर्ड टाकू नका."

"मी टाकते म्हणून कुणी सांगितलं?"

"समोर नवं आलं की सगळे जुनं टाकतात. आमचा मालक त्यावरच तर जगतो. म्हणून जरा हळू आवाजात सांगतोय."

मंजुळेला हसू आलं. शत्रूची मशिनं घेऊन आलेल्या माणसासमोर हसणं बरं नव्हे, म्हणून तिने तोंड फिरवलं. पण तो गेल्यावर टेबलावर राहिलेलं खोडरबर तिने फडताळात न टाकता गल्ल्याशेजारी ठेवलं.

सुपर गेम झोन थाटात सुरू झालं. झिरमिळ्या, लाउडस्पीकर, एसी! दिवाळीच्या सुटीत अणुशक्ती केंद्राच्या कॉलनीतली सगळी पोरं तिकडे लोटली. मंजुळेकडे उरले ते कंपन्यांची पहिली पाळी सुटल्यावर येणारे कामगार. तेही शर्यतीच्या गेममध्ये गाडी अडखळायला लागली की उठायचे. "दीदी, गाड़ी बैलगाड़ी हो गई," असं म्हणून समोर चालू पडायचे.

आणि अशा पडत्या काळात एका संध्याकाळी चिंतामणची एम-एटी गाडी दाराशी फटफटली.

"समोर आलो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, बघू चार नंबर कसं हाय."

"चार नंबर बरं हाय. मालकीण बरी नाय."

"काय झालं?"

"तुमीच तर केलंत. विचारता काय?"

तो ओशाळला आणि खाली मान घालून उभा राहिला. मंजुळेला त्याची दया आली. तिने स्टूल पुढे केलं, कटिंग मागवला, आणि मग मनातलं सगळं त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. मामा, मे महिना, बर्फ, पोह्यांची बशी, सगळंच. शेवटी तिने विचारलं, "खरं सांगा, ही मशिनं किती दिवस चालतील?"

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे?"

"म्हंजे मशीन एकदम मरत नाय," चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून तो म्हणाला. मशिनाचा विषय निघाला की त्याचा संकोच कुठल्या कुठे जायचा. "आधी नवे गेम अडखळतात. जुने चालतात, पन पोरांना जुने नको असतात. मग ते गेमच्या कामातून जातं आणि टायपिंगच्या क्लासात बसतं. तिथून एखाद्या दवाखान्यात, बिलं छापायला. आमच्या दुकानात एक म्हातारं हाय, पावत्या छापण्याशिवाय काय करत नाय. पन मालक त्याला कुणाला हात लावू देत नाय."

"आणि माझी?"

"तुमची तरुण हायत. दमलीत फक्त." त्याने चार नंबरचा डबा उघडून आडवा केला. "हे बघा. समोरच्या नव्या मशिनांत प्रोसेसर उभा बसतो, कॅसेटसारखा. तो हवा तर बोर्ड नवा, रॅम नवी, सगळंच नवं. पन तुमची ही चपटी खाच हाय ना, हिच्यात बसंल असा एक प्रोसेसर आता दुसऱ्या कंपनीनं काढलाय. तिप्पट वेगाचा. बाकी काय बदलायचं नाय. एक गेमचं कार्ड टाकलं की झालं."

मंजुळा डब्यात वाकली. "म्हणजे होडी तीच. इंजिन नवं."

चिंतामण तिच्याकडे बघतच राहिला. "हो," तो म्हणाला. "मी इतकं बडबडलो, तुमी एका वाक्यात सांगितलंत."

"आमच्या काकाच्या होडीचं तिसरं इंजिन चाललंय. फळी चांगली असली की पुरे."

"फळी चांगली हाय तुमची."

हे वाक्य बोर्डाबद्दलच होतं. पण बोलून झाल्यावर चिंतामणने घाईघाईने रिकामा ग्लास तोंडाला लावला.

डिसेंबरात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याने तो प्रोसेसर आणला. एका रविवारी शटर अर्धं ओढून दोघं चार नंबरसमोर बसली. बाहेर समुद्राकडून गार वारा सुटला होता. चिंतामणने तिला हात पुढे करायला सांगितलं.

"आधी डब्याच्या लोखंडाला हात लावा. अंगातली वीज उतरू दे, मग बोर्डाला."

"माझ्या अंगात कसली वीज?"

"सगळ्यांच्याच असते. तुमच्यात जरा..."

"जरा काय?"

"...जास्त दिसते," असं म्हणताना त्याच्या हातून स्क्रूड्रायव्हर सुटला आणि थेट टेबलाखाली गेला. तो शोधायला त्याला चांगलाच वेळ लागला. वर आला तेव्हा कान लालबुंद होते.

मग त्याने तिला जंपर दाखवले. तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या टोप्या, दोन-दोन पिनांवर चढवायच्या. कुठली टोपी कुठे, त्यावर मशिनाचा वेग ठरणार. "गंमत सांगतो. हा प्रोसेसर सहाच्या गतीनं पळतो, पन या जुन्या बोर्डावर सहाचा आकडाच नाय. आपण दोनवर लावायचं. हा त्याला सहा समजतो."

"म्हणजे लबाड हाय."

"लबाड नाय, समजूतदार! म्हाताऱ्या बोर्डाला माहीत नसलेलं हा स्वतः समजून घेतो." मग त्याने शेजारची दुसरी ओळ दाखवली. "आणि ही व्होल्टेजची. हिला हात लावायचा नाय. नशीब आपलं, याला लागतं इतकं कमी व्होल्टेज हा बोर्ड देतो. एक टोपी चुकली की प्रोसेसर गेलाच."

त्या संध्याकाळी चार नंबरवर शर्यतीची गाडी अशी सुसाट निघाली, की मंजुळेने आनंदाने टाळी वाजवली आणि भानावर येऊन हात मागे लपवले. चिंतामण पडद्याकडे बघत नव्हताच. त्याची नजर तिच्या टाळीवर होती.

गिऱ्हाईक हळूहळू परतलं. नव्या मशिनात आणि चार नंबरमध्ये खेळणाऱ्या डोळ्यांना काडीचा फरक कळेना, आणि समोरच्या शेठला पोरांची नावंही ठाऊक नव्हती. मंजुळेला कोण कुठल्या वळणावर गाडी आपटतो हेसुद्धा पाठ होतं. "दीदी, चार नंबर खाली है क्या?" हे दिवसभर ऐकू यायला लागलं. मग तीन नंबरलाही नवं इंजिन बसलं. चिंतामण आठवड्यातून एकदा तरी यायचाच. कधी माऊस अडला, कधी गेमची सीडी वाचेना. गावाकडच्या, माकुणसारच्या वाडीतल्या वालाच्या कोवळ्या शेंगा आणायचा, आणि जाताना मंजुळा त्याच्या हातात सुक्या बोंबलांची पुडी ठेवायची. एकदा पुडी तिने मदरबोर्डच्या रिकाम्या खोक्यात घालून दिली. दुसऱ्या दिवशी पालघरच्या मालकाने ते खोकं गिऱ्हाइकासमोर उघडलं, आणि पुढे काय झालं ते चिंतामणने तिला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

तिची आई नवसी रोज दुपारी मासळी विकून, रिकामी पाटी घेऊन पार्लरवर टेकायची. एकदा चिंतामण गेल्यावर ती म्हणाली, "तुजी मशिनं लई आजारी पडतात गो."

"जुनी हायत, आये."

"तसं असंल," असं म्हणून नवसीने पदराने तोंड पुसलं. पदराआड ती हसत होती, हे मंजुळेला बरोबर कळलं.

जानेवारीत मामा बघायला आला. मिशा पिळत त्याने चारही मशिनांभोवती फेरी मारली आणि चिंतामणला गाठलं. "सावे म्हंजे माकुणसारचा? कुनाचा तू?"

"दामोदर सावेंचा."

"बरं. मग सांग, ह्या जुन्यापान्यात काय जीव हाय का? किती टिकंल?"

"दोन पावसाळे नक्की काढील, मामा. माझा शब्द हाय."

"शब्द दिलास हां," मामा म्हणाला. त्याच संध्याकाळी चिंतामणने मंजुळेला सांगितलं, की वापीला एका कंपनीत त्याच्यासाठी जागा आहे. दिवसभर टेबलाशी बसून नोंदी टाइप करायच्या. पगार बांधलेला. घरचे मागे लागलेत.

"मग जात का नाय?" मंजुळेने विचारलं. विचारताना ती उगाच बटणं दाबत होती.

"लांबवतोय. मला डबे उघडायला आवडतात. आणि... असंच."

ते 'असंच' मंजुळेने घरी नेलं, उशाशी घेतलं आणि रात्रभर वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहिलं. आपल्याला तो आवडतो, हे तिने त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं.

आता सगळं गोड व्हायचं, तर झालं भलतंच. मशिनं सुधारली! मार्च उजाडला आणि चारही मशिनं शहाण्या पोरांसारखी वागायला लागली. माऊस अडेना, सीडी रुसेना. शेवटचं मार्चच्या सुरुवातीला चिंतामणने सगळे डबे उघडून, धूळ झाडून, पिना घासून दिल्या होत्या, आणि तेव्हापासून कुणी हूं की चूं केलं नव्हतं. चिंतामण येईना. येईल तरी कशाला? वैद्य काय निरोग्या घरी येतो? दाराबाहेर एम-एटी फटफटली की मंजुळेची मान वळायची, आणि दरवेळी भलताच कुणी निघायचा. मशिनं चांगली चालतात म्हणून रडू येणारी पार्लरवाली अख्ख्या ठाणे जिल्ह्यात ती एकटीच असेल.

एप्रिलचा पहिला शनिवार. दुपारी सामसूम होती. मंजुळेने शटर अर्धं ओढलं आणि चार नंबरचा डबा उघडला. मोठं काही करायचं नव्हतं. वेगाची एक टोपी इकडची तिकडे करायची. मशीन जरासं अडखळेल, मग पालघरला फोन करायचा, बस्स! तिने आधी लोखंडाला हातसुद्धा लावला.

पण चिंतामण डबा उघडायचा तो टेबलावर, तोंड डावीकडे करून. तिने उघडला जमिनीवर, तोंड उजवीकडे. त्याच्या डावीकडचं तिच्या उजवीकडे आलं. तिने हलवली ती व्होल्टेजची टोपी.

मशीन सुरू झालं. ती हरखून वाट बघत राहिली, की आता अडखळेल, मग अडखळेल. थोड्या वेळाने पडदा काळा झाला आणि डब्यातून बारीक जळका वास आला.

मंजुळेने धडपडत बटण बंद केलं. तिने फोन केला खरा, पण "चार नंबर बंद पडलं, वास आला," एवढंच कसंबसं बोलली. आणि तिने फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी चिंतामण आला तेव्हा कमलाकांतमामा आधीच येऊन बसला होता. शाळांच्या सुट्या तोंडावर आल्या होत्या आणि चार नंबर मेलं, ही बातमी त्याला बाजारातच लागली होती. चिंतामणने कुणाकडे न बघता डबा उघडला. वाकला. आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"व्होल्टेजचा जंपर वरच्या आकड्यावर हाय," अखेर तो म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "गेल्या वेळी साफ केलं तेव्हा... माझ्याच हातून झालं असंल. महिनाभर तापत राहिला, आणि आता उन्हात गेला."

"म्हंजे तुजी चूक?" मामाने विचारलं.

"माझी. दुसरं कोण उघडतं?"

मंजुळा एक पाऊल पुढे आली. मग परत मागे सरली. खरं सांगावं तर 'का केलंस?' हा पुढचा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर मामासमोर, त्याच्यासमोर...? आणि ज्याच्या कामाची आपण राख केली, तो आपलं तोंड तरी बघेल का?

"मी तेवाच म्हनत होतो," मामा उठला. "जुनं ते जुनंच. पोरी, मे म्हयन्याची वाट कशाला बघायची? आवर आता. मी बर्फवाल्याशी बोलतो."

"मामा, थांबा," चिंतामण म्हणाला. "मशीन चालू करून देतो. माझ्या चुकीपायी यांचा गाळा जायला नको." त्याने खिशातून कागदाची घडी काढून उलगडली. आत प्रोसेसर होता. "वास आला म्हणालात, म्हणून आणला. दुकानात पडून होता."

मंजुळेने पुढे वाकून तो नीट पाहिला. नवा प्रोसेसर आरशासारखा कोरा असतो. ह्याच्या पाठीवर, पंख्याखाली लावतात ती पांढरी पेस्ट वाळलेली होती.

"हा पडून नव्हता," ती म्हणाली. "हा चालू मशिनातून काढलाय. कुणाच्या?"

त्याने कागदाची घडी परत मिटली.

"सांगा ना. कुणाच्या?"

"माझ्या. घरच्या."

"मग तुमी?"

"मला आता लागणार नाय. वापीला होकार कळवतोय उद्या." तो हसायचा प्रयत्न करत होता. "जे काम डोळे मिटून येतं म्हणायचो, त्यात असा हात चुकला. उद्या दुसऱ्या कुणाचं पोट मारीन. त्यापेक्षा टाइप करत बसलेलं बरं."

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. रडणारं मशीन ओलांडून जाऊ न शकणारे ते हात! आता तेच हात तो आपल्या मालकीचे नसल्यासारखा बघत होता. मंजुळेला ते सोसलं नाही. लाज, मामा, गाळा, सगळं तिच्या मनातून पुसून गेलं.

"तुमचा हात नाय चुकला," ती म्हणाली. "जंपर मी काढला."

चिंतामणने मान वर केली.

"काल दुपारी. मला वेगाचा काढायचा होता, मी उलटा डबा धरला आणि भलताच निघाला. तुमचं काम चोख होतं. मशीन पन चोख होतं. मीच बिघडवलं, मुद्दाम."

"मुद्दाम?" मामाचे डोळे मोठे झाले. "अगो, येडी का खुळी तू? सोन्यासारखं मशीन मुद्दाम कशाला बिगडवलंस?"

मंजुळेने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग मान वर करून तिने सरळ चिंतामणकडे बघितलं.

"काय बिघडल्याबिगर हे येत नाय म्हणून."

चिंतामणच्या हातातला कागद खाली पडला. मामाने एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा त्या उंच पोराकडे पाहिलं. वादळ नेमकं कुठून येतंय ते मामाला दर्यावर फार लवकर कळायचं. जमिनीवर जरा उशिराच कळलं.

"म्हंजे मशिनाला काय झालं नव्हतं," तो सावकाश म्हणाला.

"नाय."

"आन् ह्याचा शब्द पन खोटा नव्हता."

"नाय."

"मग बिगाड हाय तो आमच्या पोरीत हाय. बर्फ ठेवून काय तो सुधारायचा नाय." त्याने मिशीला पीळ दिला, पण मिशीखालचं हसू काही केल्या दबेना. "गाळा राहू दे तुज्याकडं. मी... मी जरा चहा सांगून येतो."

तो शटरखालून वाकून बाहेर पडला. चहाची टपरी शेजारीच होती. मामा मात्र स्टेशनच्या दिशेने चालू लागला.

आत दोघंच राहिली. चिंतामण खाली वाकून प्रोसेसर उचलत होता, आणि उचलून झाला तरी वाकलेलाच होता.

"रागावलात?" मंजुळेने विचारलं.

"निरोप पाठवायचा ना," तो खालूनच म्हणाला.

"काय निरोप पाठवू? 'मशिनं मजेत हायत, तुमी या'?"

"हो. एवढाच." आता तो उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवलेही नाहीत. "मंजुळा, मी रोज जायचो ह्या रस्त्यानं. डहाणूचं काम असलं तरी वाकडी वाट करून. एम-एटी नाक्यावर बंद करायचो, आवाज ऐकू नको यायला. आत यायला कारणच नव्हतं. मीच इतकं चांगलं काम का करून ठेवलं म्हणून स्वतःला शिव्या घालायचो."

मंजुळेला हसू आणि रडू एकदमच आलं. "आणि वापी?"

"सांगतो त्यांना, नाय जमत. माझा हात चांगला हाय म्हणून. इथं लागतो."

त्याने डबा टेबलावर घेतला, तोंड डावीकडे करून. प्रोसेसर खाचेत अलगद बसवला आणि काळी टोपी तिच्या तळव्यावर ठेवली. "तुमी लावा. ह्या दोन पिना."

"चुकले तर?"

"मी हाय ना."

तिने टोपी चिमटीत धरली. त्याने तिच्या मनगटाला हलकेच आधार दिला, आणि टोपी नीट बसली तरी तो आधार तसाच राहिला. मशीन सुरू झालं. पडद्यावर निळा उजेड पसरला. दोघांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळाने चिंतामणने स्क्रू गोळा केले, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी घुटमळला.

"उद्या येतो," तो म्हणाला.

"उद्या? उद्या काय बिघडणार हाय?"

"काय पन नाय. म्हणून तर येतो."

मंजुळेने त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, गल्ल्यामागे ठेवली आणि स्टूल त्याच्यासमोर सरकवलं.

"उद्याचं उद्या," ती म्हणाली. "आज बसा की."